शेजारच्या मेथडिस्ट चर्चमध्ये फेब्रुवारी ते मे एवढं काय चालू असतं, आणि आम्ही गेलो तर चालेल का?

प्रश्नात लिहिलंय की सोसायटीच्या भिंतीला लागूनच मराठी मेथडिस्ट चर्च आहे. नाताळ झाला की ते शांत होतं, पण फेब्रुवारीच्या मध्यापासून पुन्हा ये-जा वाढते. रात्री गाणी ऐकू येतात, एका शुक्रवारी भर उन्हात तीन तास सभा चालते आणि एका रविवारी पहाटे पाचला सगळे मेणबत्त्या घेऊन कुठेतरी निघतात. हे काय आहे, आणि ख्रिस्ती नसलेल्यांनी डोकावलं तर चालेल का? शिवाय मेरीमातेची जत्रा कधी असते?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चालेल. मागच्या बाकावर बसा, सगळे उठले की उठा, बसले की बसा. दानाची थैली पुढे आली तर नुसती पुढे सरकवा, कुणी बघत नाही.

आता पहिला प्रश्न. मी जन्मापासून मेथडिस्ट, पुण्याजवळच्या एका जुन्या मराठी मंडळीची सभासद. (मंडळी म्हणजे आमच्याकडे चर्चची माणसं. "आमची मंडळी दोनशे घरांची आहे" असं माझे वडील ऑफिसात म्हणाले, तेव्हा साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणे.) तुम्हाला भिंतीपलीकडून दिसतं ते टोक आहे. खरा वसंत घराघरात चालतो.

तारखा दर वर्षी बदलतात म्हणून गोंधळ होतो. ईस्टर, म्हणजे येशू पुन्हा उठल्याचा सण, २१ मार्चच्या सुमारानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण होळी किंवा हनुमान जयंती उलटली की येणारा रविवार. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. तिथून मागे सेहेचाळीस दिवस मोजले की राख बुधवार. मधले रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून उरतात चाळीस. हे लेंतचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस. माझ्या आजीला कॅलेंडर लागायचंच नाही. चंद्र बघून ती सांगायची, "पुढच्या आठवड्यात झावळ्या."

या चाळीस दिवसांत आमच्याकडे रोज संध्याकाळी एका घरी प्रार्थना असते. यादी जानेवारीतच लागते आणि तिच्यावरून भांडणंही होतात, कारण शनिवार-रविवार सगळ्यांनाच हवे असतात आणि दहावीच्या पेपरच्या आदल्या दिवशी कुणालाच नको असतं. साडेसातची वेळ, आठला सुरुवात. एक खोली असेल तर पलंग भिंतीला उभा करतात. दाराबाहेर चपलांचा ढीग, त्यात परत जाताना एकाची तरी दुसऱ्याच्या पायात जातेच. ढोलकी, खंजिरी, जमलं तर पेटी. अभंगाच्या चालीवरची भजनं म्हणतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं तर असतातच. ते मेथडिस्ट नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणसाला ते कुठल्या पंथाचे हे विचारावंसं वाटत नाही. मग वाचन, थोडा संदेश, आणि शेवटी "विनंत्या". कुणाची सोनोग्राफी आहे, कुणाचा मुलगा महिनाभर बोलत नाही, कुणाच्या कंपनीने माणसं कमी केलीत. ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि सगळ्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. मग चहा, खारी, आणि घरातली सून सुगरण असेल तर साबुदाणा वडा.

ही घरोघर फिरण्याची सवय मेथडिस्टांची मूळचीच. आमच्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली आणि त्याचे मित्र ऑक्सफर्डमध्ये घड्याळ लावल्यासारखे वागायचे म्हणून बाकीच्यांनी चिडवायला "मेथडिस्ट" म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज फेडायचं होतं. कॅप्टन फॉय नावाच्या एका सभासदाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. मग बारा-बारा जणांचे गट पडले आणि प्रत्येक गटाचा पुढारी पैसे गोळा करायला घरोघरी जाऊ लागला. दारात उभं राहिल्यावर कळायचं की या घरात दारू चालते, त्या घरात चूल पेटलेली नाही. पैशासाठी सुरू झालेली फेरी माणसांची विचारपूस करणारी झाली. आमच्या महिला मंडळाच्या बाया आजही हेच करतात. सामाजिक कार्य वगैरे म्हणत नाहीत. "जाऊन येते जरा" म्हणतात.

तुम्हाला दिसणारा पहिला मोठा दिवस म्हणजे झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. मुलं झावळ्या हलवत "होसान्ना" म्हणत आत येतात आणि दहा मिनिटांनी त्याच झावळ्यांनी एकमेकांना गुदगुल्या करतात. २०२४ मध्ये हा रविवार २४ मार्चला आला आणि त्याच संध्याकाळी होळी होती. कॉलनीतली पोरं गेटपाशी येऊन विचारू लागली, "काकू, ती सुकलेली पानं देता का?" मागच्या वर्षीच्या झावळ्या शेडमध्ये पडून होत्याच. पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) हसले आणि म्हणाले, घेऊन जा. इतर काही ठिकाणी जुन्या झावळ्या जाळून त्याची राख राख बुधवारी कपाळाला लावतात. आमच्याकडे ती पद्धत नाही, त्यामुळे होळीत गेल्या तर कुणाचं काही अडलं नाही.

मग पवित्र आठवडा. त्यातलं माझं काम तुम्हाला भिंतीवरून दिसणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गुरुवारी रात्री प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. मेथडिस्टांमध्ये त्यात वाइन नसते, द्राक्षाचा रस असतो. कारण हा पंथ सुरुवातीपासून दारूच्या विरोधात. पण द्राक्षाचा रस ठेवला की आपोआप आंबतो, मग करायचं काय? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावी थॉमस वेल्च नावाचा एक दंतवैद्य होता. तिथल्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रभुभोजनाची व्यवस्था त्याच्याकडे होती. पाश्चरची गरम करण्याची युक्ती वापरून त्याने १८६९ मध्ये न आंबणारा रस बाटलीत भरून दाखवला. पुढे त्याच्या मुलाने त्याचा मोठा धंदा केला. अमेरिकेतली भाची सांगते की वेल्चचा रस तिकडे अजून दुकानात मिळतो आणि मुलं तो ब्रेडबरोबर पितात.

आमच्याकडे वेल्च नाही, पण नाशिक-सांगली आहे. मार्च-एप्रिल म्हणजे द्राक्षाचा हंगाम, हे आमचं नशीब. बुधवारी संध्याकाळी सहा किलो काळी द्राक्षं येतात. मिठाच्या पाण्यात धुवायची, देठ काढायचे. हे सगळ्यात कंटाळवाणं, सहा किलोला चार बायका आणि दीड तास. मोठ्या पातेल्यात वाटीभर पाण्यावर चढवायची. साल फुटायला लागली की लाकडी डावाने दाबायची. रंग आधी गुलाबी येतो, मग एकदम जांभळा. एक दणदणीत उकळी आली की उतरवायचं, धुतलेल्या मलमलमधून गाळायचं, पिळायचं नाही, नाहीतर गढूळ होतं. हाताची नखं रविवारपर्यंत काळी राहतात. पहाटेच्या उपासनेत कुणाच्या बोटांना तो रंग आहे ते बघा, बुधवारी किचनमध्ये कोण होतं ते कळेल.

एका वर्षी मी आजारी होते. मदतीला आलेल्या मुलींनी रस मिक्सरमधून काढला, गाळला, पण उकळला नाही. गुरुवारी छान लागला. उरलेला कुणीतरी ईस्टरसाठी म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत झाकण घट्ट लावून वेस्ट्रीच्या (पाळकांच्या तयारीच्या खोलीच्या) कपाटात ठेवला. बाहेर एप्रिलचं ऊन, कपाटावर पत्रा. रविवारी सकाळी पाळकसाहेब झगा घालायला आत गेले आणि आम्हाला बाहेर "फट्" ऐकू आलं. पांढऱ्या झग्यावर छातीपासून खाली जांभळा ओघळ. त्यांनी तसाच झगा घालून उपासना घेतली. पुढच्या वर्षीपासून पातेल्याशेजारी मी स्वतः उभी राहते.

शुक्रवारी दुपारी बारा ते तीन तुम्हाला जी सभा दिसते, ती वधस्तंभावरच्या सात उद्गारांची. येशू शेवटी जे सात वेळा बोलला, त्यातल्या एकेकावर एकेक जण बोलतो. सात वक्ते, प्रत्येकी पंधरा मिनिटं, मधे गीत आणि प्रार्थना. हिशोब बरोबर बसतो, कागदावर. दुसऱ्याच वक्त्याने पंचवीस घेतली की सातव्याला "हे पित्या, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो" एवढंच म्हणून बसावं लागतं. बायका पांढऱ्या साड्यांत, पंख्याखालची जागा धरून. बरेच जण तीनपर्यंत पाणीही पीत नाहीत. तीनला संपतं तेव्हा कुणी मोठ्याने बोलत नाही. चपला घालून सगळे गुपचूप जातात.

२०१७ मध्ये गुड फ्रायडे १४ एप्रिलला आला. आमच्या मंडळीतल्या कितीतरी घरांत येशू आणि बाबासाहेब एकाच भिंतीवर आहेत. दोन्ही आमचेच, जायचं कुठे? शेवटी जयंती मंडळाच्या पोरांनीच ठरवलं की बारा ते तीन चर्चसमोरून डीजे बंद ठेवून जायचं. आत पाचवा उद्गार, "मला तहान लागली आहे", चालू होता आणि बाहेरून शेकडो पावलांचा नुसता आवाज येत होता. तीन वाजता आम्ही सरबताची पिंपं गेटबाहेर नेली. पांढऱ्या साडीतल्या निम्म्या बाया तिथूनच मिरवणुकीत गेल्या.

आणि ती पहाट. ईस्टरला पाचला आम्ही दफनभूमीत जातो. शनिवारी तरुण संघाने गवत काढलेलं असतं, थडग्यांना चुना दिलेला असतो. आपापल्या माणसाच्या जागी मेणबत्ती लावायची, शेवंतीचा हार ठेवायचा. अंधारात पाळकसाहेब म्हणतात, "प्रभू उठला आहे!" आणि सगळे म्हणतात, "खरोखर उठला आहे!" पहिल्यांदा आवाज झोपेतला येतो. तिसऱ्यांदा कुत्री भुंकायला लागतात. आमच्याकडे गाणं बायका सुरू करतात, कारण कबरीवर पहिल्यांदा बायकाच गेल्या होत्या. तुमच्या झोपेबद्दल माफी. लाउडस्पीकर आम्ही पाच वर्षांपूर्वीच बंद केला, पण ढोलकीला आवाज कमी करायचं बटण नसतं. उपासनेनंतर अंगणात उकडलेली अंडी, पाव, मिसळ आणि चहा. लहान मुलांनी कांद्याच्या सालीत आणि बिटात रंगवलेली अंडी. कॅम्पातल्या बेकरीतून आणलेली काजूच्या मार्झिपनची अंडी फक्त म्हाताऱ्यांना मिळतात, आणि ते ती नातवंडांना देतात.

त्यानंतर महिनाभर निवांत. मे महिन्यात मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, दहा दिवस. गाणी, गोष्टी, चित्रं, पार्ले-जी आणि रसना. वस्तीतली सगळी मुलं येतात. हल्ली आम्ही ख्रिस्ती नसलेल्या मुलांच्या पालकांची लेखी परवानगी घेतो. दिवस तसे आहेत. "धर्मांतर करता का?" असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेल तर सांगते. दहा दिवसांत आम्हाला त्या पोरांची बडबडसुद्धा थांबवता येत नाही.

२४ मेच्या आसपासच्या रविवारी पाळकसाहेब न चुकता वेस्लीची गोष्ट सांगतात. १७३८ साली लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत, रात्री पावणेनऊच्या सुमारास, त्याला हृदयात विलक्षण ऊब जाणवली. "पावणेनऊ" शब्द आला की मागच्या बाकावरची पोरं घड्याळ बघतात, कारण आमची उपासना सकाळी साडेआठची. गोष्ट दर वर्षी तीच असते. सांगणारा मात्र बदलतो. मेथडिस्टांत पाळकांना मंडळी निवडत नाही, बिशप नेमतात आणि काही वर्षांनी बदलतात. शाळा संपल्या की मेमध्ये टेम्पोत कपाट, तुळशीची कुंडी (हो, पाळकीणबाईंना कफासाठी लागते) आणि सायकल चढते. निरोपाला रडणारे तेच लोक जूनमध्ये नव्या पाळकांना सांगतात, "आधीचे साहेब जरा लांबण लावायचे."

तुम्ही कॅथलिक समजून मेरीमातेची जत्रा कधी असते असं विचारलंय, ती आमच्यात नसते. आम्ही प्रोटेस्टंट. मुंबईत मेथडिस्ट काम अमेरिकन प्रचारक विल्यम टेलरने १८७१ मध्ये सुरू केलं. जॉर्ज बोवेन हा १८४८ पासूनच मुंबईत असलेला, पगार न घेता राहणारा माणूस त्याला येऊन मिळाला. गेटवेजवळचं बोवेन चर्च त्याच्याच नावाचं. १९७० साली नागपुरात बरेच प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, तेव्हा आमचे अमेरिकन शाखेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, आणि १९८१ पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया हे स्वतंत्र आहे. सासर सीएनआय आणि माहेर मेथडिस्ट असलेल्या बायका मात्र दोन्हीकडच्या प्रार्थनांना जातात आणि दोन्हीकडचा चहा पितात.

तर यायचं असेल तर कधी? ईस्टरच्या पहाटे गर्दी असते, तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नसेल. शुक्रवारचे तीन तास पहिल्या खेपेला जड जातील. गुरुवारी आलात तर बसून राहा. आमच्याकडे रस आणि भाकर बाप्तिस्मा झालेलेच घेतात, पण उपासनेला बसायला कुणालाही मनाई नाही. मी म्हणेन, पवित्र आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी पाचला मागच्या दाराने किचनमध्ये या. जुने कपडे घाला. देठ काढायला हात नेहमीच कमी पडतात.