पीअर सपोर्टर म्हणजे नेमकं कोण? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. डॉक्टर म्हणाले, पीअर सपोर्टरला भेटा. तो वेगळं काय करणार?

पीअर सपोर्टर म्हणजे स्वतः मानसिक आजारातून गेलेला, बराच सावरलेला आणि ट्रेनिंग घेतलेला माणूस. निदान करणं, डोस बदलणं हे त्याचं काम नाही. पण गोळ्यांनी सकाळी डोकं जड होतं, वजन वाढतं, घरचे दहादा "गोळी घेतलीस का" विचारतात त्याचा वैताग येतो, हे सगळं त्याने भोगलेलं असतं, आणि गर्दीच्या ओपीडीत हे बोलायला वेळच मिळत नाही. उद्या भाऊ म्हणाला की गोळ्या बंद करतो, तर चांगला पीअर लेक्चर देत बसत नाही, काय खटकतंय ते विचारतो, मग दोघं मिळून चिठ्ठीवर लिहितात की डॉक्टरांना काय विचारायचं, आणि भावाची तयारी असेल तर तो सोबत आतही जातो. भावाला भेटायचं नसेल तर मात्र जबरदस्ती करू नका.

प्रश्न: मी डिप्रेशनमधून बाहेर आलोय. मला हे काम जमेल का? परत त्रास झाला तर?

जमेल की! पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसन सुटलेलीच कितीतरी माणसं पुढे समुपदेशक झाली. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थेच्या स्वमदत गटात आधी नुसतं जाऊन बसा. स्वतःचे उपचार सोडू नका, आणि ज्याच्याशी मन मोकळं करता येईल असा सुपरवायझर हवाच. परत त्रास झाला तर रजा घ्यायची, त्यात कमीपणा कसला? एक चूक नवीन लोक हमखास करतात, समोरच्याने दोन वाक्यं बोलली की आपलीच कहाणी सुरू. तुमचा अनुभव त्याच्या उपयोगाचा असेल तेवढाच सांगा.

प्रश्न: समोरचा म्हणाला, "जगावंसं वाटत नाही, पण कुणाला सांगू नका," तर?

सांगायचंच. पहिल्या भेटीतच स्पष्ट करा की बाकी सगळं आपल्यात राहील, जिवाला धोका असेल तर नाही. त्याला एकटं सोडू नका, सुपरवायझर आणि डॉक्टरांना लगेच कळवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव आत्ताच धोक्यात असेल तर थेट ११२.

प्रश्न: आमची संस्था मानधन देत नाही, "सेवा समजा" म्हणते.

मला हे अजिबात पटत नाही. समुपदेशकाला पगार आणि पीअरला फक्त चहा, असं का? तोही टीममध्येच काम करतो ना? तास ठरवून घ्या, प्रवासखर्च आणि मानधन लेखी मागा.