तीन वर्षांच्या भाच्यासाठी ट्रेन सेट: बॅटरीचा घ्यावा की लाकडी?

तुम्ही लिहिलंय की भाचा पुढच्या महिन्यात तीन वर्षांचा होतोय, बजेट दोन हजारांच्या आसपास आहे, आणि शिट्टी मारत धूर सोडणारा बॅटरीचा सेट घ्यावा की साधा लाकडी, ते ठरत नाहीये. लाकडी घ्या.

मी डोंबिवलीत पाळणाघर चालवते. खिडकीतून लोकल दिसते, त्यामुळे आमच्याकडच्या पोरांना गाडीचं वेड लावावं लागत नाही. खेळण्यांच्या कपाटात सगळ्या तऱ्हेचे सेट येऊन गेलेत. काही आम्ही घेतलेले, काही "घरी हा बघतसुद्धा नाही, तुमच्याकडे तरी वापरा" म्हणून पालकांनी आणून दिलेले. हे दुसऱ्या प्रकारचे बहुतेक बॅटरीवालेच असतात.

बॅटरीची गाडी सुरू झाली की आधी सगळी टाळ्या पिटतात. गाडी गोल फिरते, पुन्हा गोल फिरते. मग तीन वर्षांचं पोर काय करतं, तर सरळ हात घालून ती उचलतं. त्याला गाडी चालवायची असते, आणि ही तर आपली आपणच चाललीय. धरून ठेवली की आतले प्लॅस्टिकचे गिअर कटकट करायला लागतात, दाते झिजतात आणि मग गाडी जागच्या जागी घरघरत बसते. रूळही बहुधा पातळ असतात, एक पाय पडला की सांधा गेला. शिवाय मोटारीची चाकं लांब केसांत अडकली की सोडवताना नाकी नऊ येतात. (शिट्टीचा आवाज बंद करायचं बटण अशा सेटला का नसतं, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. तुमच्या बहिणीचा विचार करा.)

हेच पोर लाकडी गाडी हातात आली की फरशीवर आडवं होतं. गाल जमिनीला टेकवतं, एक डोळा मिटतं आणि चाकांच्या उंचीवरून बघत गाडी हळूहळू ढकलतं. वळण आलं की वेग आपोआप कमी. तोंडाने "पुढील स्टेशन, ठाकुर्ली" चालू. मधेच गाडी थांबवून रुळाशेजारी उभ्या केलेल्या चमच्याला डब्यात चढवलं जातं, चमचा मावत नाही, मग "पाठीमागून रिकामी गाडी येतेय" असं त्याला सांगितलं जातं. यात बॅटरीला करण्यासारखं काहीच नाही.

डबे चुंबकाने जोडलेले असतात. बहुतेक सेटमध्ये डबा उलटा लावला की तो जोडला तर जात नाहीच, उलट पुढचा डबा लांब पळतो. मुलं चक्रावतात, पुन्हा जोरात ढकलतात, चिडतातही. अशा वेळी आपला हात आवरायचा. कधीतरी डबा हातातल्या हातात फिरतो आणि टक्क करून चिकटतो. त्यानंतर ते पोर मुद्दाम उलटा डबा लावून समोरच्या डब्याला पळवत बसतं.

आता नेमकं काय घ्यायचं. दुकानात नजर इंजिनावर जाते, पण तुम्ही रूळ बघा. स्वीडनच्या ब्रिओ कंपनीने 1958 मध्ये लाकडी रेल्वे बाजारात आणली, आणि तिच्या खोबणीचं माप पुढे बऱ्याच कंपन्यांनी उचललं. रूळ साधारण चार सेंटिमीटर रुंद, वर दोन खोबणी, एका टोकाला गोल गाठ आणि दुसऱ्या टोकाला तिच्या मापाची खाच. ब्रिओ आपल्याकडे महाग पडतं. आयकियाचा लिलाबो सेट त्याच मापात बसतो आणि तुमच्या बजेटमध्येही येतो. नवी मुंबईत तुर्भ्याला त्यांचं दुकान आहे, ऑनलाइनही मिळतो. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा घेतलात तरी रूळ या मापाचे आहेत ना, एवढं विचारून घ्या. म्हणजे पुढच्या वाढदिवसाला आत्या, काका जे काही आणतील ते याच सेटला जोडता येईल. स्वतःचंच वेगळं माप असलेला सेट एकदा घेतला की तो तेवढाच राहतो.

इंजिनं चार आणि रूळ जेमतेम, असा सेट नको. ब्रिओच्या मापाची मोठी वळणं आठ जोडली की पूर्ण वर्तुळ होतं, साधारण हातभर रुंद, त्यामुळे वन बीएचकेच्या हॉलमध्येही अडचण होत नाही. वर्तुळाचा कंटाळा लवकर येतो, म्हणून सरळ रूळ आणि एक पूल हवाच. पुलाखालून गाडी नेण्यात जी मजा आहे ती दहा डब्यांत नाही. सांधेबदलाचे फाटे, म्हणजे एका रुळाच्या दोन वाटा करणारे तुकडे, मात्र आत्ता घेऊ नका. फाटे आले की शेवटी गाठीसमोर गाठ किंवा खाचेसमोर खाच येते, मार्ग बंद होत नाही, आणि मग मामालाच पोटावर पडून सगळं उकलून पुन्हा मांडावं लागतं. चार-साडेचार वर्षांचा झाला की हेच कोडं त्याला आवडेल. लाकडी रुळावर चालणारं बॅटरीचं एखादं इंजिनही तेव्हा द्या, कारण तोवर तो मार्ग स्वतः मांडत असतो आणि गाडी तिथून जाते का हे त्याला बघायचं असतं.

स्वस्तातले काही सेट लाकडाचे म्हणून विकतात, पण आत दाबलेला भुसा असतो. आपल्या पावसाळ्यात त्यांच्या कडा फुगतात आणि सांधे बसेनासे होतात. चांगलं लाकूडही पाण्यात घालायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं. आणि सेट फरशीवर मांडा. सतरंजीवर रूळ खाली-वर होतात, गाडी सारखी घसरते आणि रडारड होते.

सुरक्षेचं मात्र नीट बघा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. खुणेसोबत सीएम/एल हा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून तपासता येतो. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे हातकामाच्या खेळण्यावर खूण नसली म्हणून लगेच नाक मुरडू नका. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला कुठलाही सुटा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, असा दंडक आहे. घरात भाच्याहून लहान कुणी असेल तर हे माप त्याच्यासाठी लक्षात ठेवा. मला सर्वांत जास्त धास्ती दोन गोष्टींची. एक, सुटलेली चुंबकं: दोन गिळली गेली तर आतड्याच्या दोन वेढ्यांना मधे चिमटून धरतात. दुसरी, बटण सेल: घशाखाली अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. आमच्याकडे नियम साधा आहे, सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं दाराच्या आत येत नाही.

बजेट वाढवता येत असेल तर लेगो ड्युप्लोची गाडी बघा. तिचं मोटारवालं इंजिन ढकललं की चालतं आणि उचललं की थांबतं, म्हणजे वर सांगितलेली गिअरची रड नाही. दोन हजारांत ती बसणार नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखकाम केलेली लाकडी गाडी दिसायला देखणी, पण तिला रूळ नसतात. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाला ती उत्तम, तुमच्या भाच्याला रूळ हवेतच. आणि दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर असलेली हुबेहूब मॉडेलं मोठ्यांच्या छंदाची आहेत, ती या वयात हातात देऊच नका. बघायला मात्र भाच्याला पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात जरूर न्या. तिथे हात मागे बांधून बघायचं असतं, तेवढी तयारी आधी घरी करून घ्या.

सेटसोबत झाकणाचा एक मोठा प्लॅस्टिकचा डबा द्या. पुठ्ठ्याचं खोकं आठवडाभरात फाटतं, आणि मग रूळ सोफ्याखाली सापडायला लागतात.