शैक्षणिक कर्जाच्या वसुलीत नवा आहेस म्हणून

डीआरएचं, म्हणजे कर्जवसुली एजंटचं, प्रशिक्षण आणि आयआयबीएफ या बँकिंग संस्थेची परीक्षा झाल्याशिवाय फिल्डवर जाऊ नकोस, एजन्सीने कितीही घाई केली तरी. ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र कायम जवळ ठेव. फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळेत. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये हे स्पष्ट बजावलंय.

पण ही फाइल गाडीच्या कर्जासारखी हाताळू नकोस. इथे उचलून न्यायला काही नसतं. 4 लाखांपर्यंत तारणच नाही, आई-वडील सहकर्जदार. दार बहुतेक वडीलच उघडतात आणि विचारतात, "साहेब, तीन लाख घेतले होते, हे एवढे कुठून आले?" तिथे आवाज चढवू नकोस. स्टेटमेंट समोर ठेव, एकेक ओळ समजावून सांग: शिक्षण चालू असताना आणि पुढे वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र लागत राहतं. हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं, याचा मला आजही राग येतो. पोराला खरंच नोकरी नसेल तर हप्ते पुन्हा बांधून मिळावेत म्हणून शाखेत लेखी अर्ज द्यायला लाव. शेजारीपाजारी कर्जाचा विषय काढायचा नाही, कधीच नाही. आणि रोख घेतलीस तर पावती जागच्या जागी फाडायची.