वाचकांचे प्रश्न : गर्भाशयमुखाचा कर्करोग

प्रश्न : माझे वय 47 असून मी कोथरूडला राहते. माझ्या जाऊबाईंना नुकतेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाले आहे. आमच्या घरात हा आजार यापूर्वी कोणालाही नव्हता आणि आम्ही दोघीही स्वच्छता कटाक्षाने पाळतो. आता नातेवाइकांत त्यांच्याविषयी दबक्या आवाजात नको ते बोलले जाते. हा आजार नेमका कशामुळे होतो? मला काहीच त्रास नाही, तरीही मी तपासणी करून घ्यावी का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. होय, अवश्य करून घ्यावी, आणि त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये.

गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सर्व कर्करोगांच्या मुळाशी ‘एचपीव्ही’ हा विषाणू असतो. हे नाते उलगडून दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शारीरिक संबंधांतून पसरतो आणि तो इतका सर्रास आढळतो, की वैवाहिक आयुष्य जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो. बहुतेकींचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला आपोआप हुसकावून लावते. ज्या थोड्या स्त्रियांमध्ये तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल होत जातात आणि त्यांतून कर्करोग होण्यास साधारणपणे 15 ते 20 वर्षे लागू शकतात. म्हणूनच तो कधी आणि कोणाकडून आला याचा पंचनामा करण्यात काहीच अर्थ नसतो. आयुष्यभर एकाच पुरुषाशी संसार केलेल्या स्त्रीलाही हा आजार होतो. आपल्या जाऊबाईंच्या चारित्र्याविषयी बोलणाऱ्यांना आपण हे स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण या कुजबुजीच्या धास्तीने कितीतरी बायका तपासणीच्या टेबलापर्यंत येतच नाहीत.

विषाणू शरीरात टिकून राहण्याची किंवा पेशींतील बदल पुढे सरकण्याची शक्यता काही गोष्टींमुळे वाढते. लहान वयात लग्न आणि पहिले बाळंतपण, अनेक बाळंतपणे, धूम्रपान, एचआयव्हीची बाधा किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे, तसेच गर्भनिरोधक गोळ्यांचा पाच वर्षांहून अधिक काळ सलग वापर, ही त्यांतली महत्त्वाची कारणे होत. (गोळ्यांमुळे वाढलेला धोका त्या बंद केल्यावर कमी होत जातो, मात्र हे वाचून डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबवू नयेत.) आनुवंशिकतेचा वाटा फार थोडा असतो. स्वच्छता चांगलीच, पण तिच्यामुळे या विषाणूपासून संरक्षण मिळते असे मानू नये.

तरीही ही यादी वाचून ‘यातले मला काहीच लागू नाही’ असा दिलासा घेण्याची घाई करू नका. माझ्या मते सर्वांत मोठी जोखीम वयाची तिशी उलटूनही एकदाही तपासणी न होणे हीच आहे, आणि पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्या शिकलेल्या बायकांमध्येही ती मला नेहमी दिसते. याचा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वर्षे वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एचपीव्हीची केवळ एकच चाचणी मिळाली होती, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न मिळालेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर आले.

तपासणीला काही मिनिटे लागतात. योनीमार्ग उघडा ठेवणारे एक साधन बसवून डॉक्टर गर्भाशयमुख प्रत्यक्ष पाहतात आणि बारीक ब्रशने तिथल्या पेशी घेतात. त्यावर पॅप (पेशींत बदल झाले आहेत का ते पाहणारी) किंवा एचपीव्ही (विषाणू आहे का ते पाहणारी) चाचणी होते. सरकारी कार्यक्रमात बहुधा तिथे सौम्य ॲसेटिक आम्ल लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा चट्टा उमटतो का ते पाहतात. थोडे अवघडल्यासारखे होते, पण भूल लागत नाही. पाळीचे दिवस टाळून जावे आणि आधीचे दोन दिवस योनीमार्गात कोणतेही औषध वापरू नये. खासगी दवाखाना परवडत नसेल, तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात चौकशी करावी.

प्रश्न : आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे वय 56 आहे. त्यांची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली, पण आता मधूनच अंगावर लाल डाग दिसतो. ‘उष्णता झाली असेल’ असे त्या म्हणतात. त्या मिश्रीही लावतात. काय करावे? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : मावशींना याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. पाळी गेल्यानंतर दिसलेला रक्ताचा एक डागही उष्णतेच्या खात्यावर टाकायचा नसतो. तो कर्करोगाचाच असेल असे नाही, योनीमार्गाच्या कोरडेपणामुळेही असे होते; पण ते तपासल्यावरच ठरते, आणि त्यासाठी गर्भाशयमुखाबरोबर गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचीही तपासणी लागते. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव होणे आणि दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ही लक्षणेही इतकीच गंभीर समजावीत. मिश्री सोडायलाच हवी, कारण तिच्यातल्या तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो.

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची आहे. तिला एचपीव्हीची लस द्यावी का? (एक आई, हडपसर)

उत्तर : द्यावी, आणि याच वयात द्यावी. विषाणूशी संपर्क येण्यापूर्वी घेतलेली लस सर्वाधिक परिणामकारक ठरते. आपल्या हडपसरच्याच सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस 2023 च्या जानेवारीत सादर झाली. जगभरातील या कर्करोगांपैकी सुमारे 70 टक्क्यांना कारणीभूत असलेल्या 16 आणि 18 या एचपीव्ही प्रकारांपासून ती संरक्षण देते. 9 ते 14 या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस दिले जातात. 15 पूर्ण झाल्यावर सुरू केल्यास तीन घ्यावे लागतात. उरलेल्या प्रकारांपासून पूर्ण संरक्षण मिळत नसल्याने लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तिशीनंतर तपासणी करावीच लागेल, हे तिच्या लसीकरणाच्या कार्डावर आजच लिहून ठेवा. आणि आपली स्वतःची तपासणी झाली नसेल, तर मुलीला घेऊन जाल तेव्हाच आपल्यासाठीही वेळ मागून घ्या.