गेम सुरू केला की पीसी फटकन बंद होतो. दुरुस्त करू की नवा बांधू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात राहता, पीसी २०१५ चा. आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, जीटीएक्स ९६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबी हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबत आलेला '४५० वॅट'चा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा). गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत मशीन फटकन बंद पडतं, आणि विंडोज उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात. बजेट ९० हजार, मॉनिटर जुनाच ठेवायचा आहे.

नवाच बांधा. पण त्याआधी जुन्यात नेमकं काय बिघडलंय ते बघून घ्या, आणि त्यावर जो काही खर्च कराल तो नव्या पीसीतही कामाला येईल असाच करा.

हे दोन वेगळे आजार आहेत. विंडोज रांगत उघडणं हा बहुधा हार्ड डिस्कचा दोष, आणि सुरुवात तिथूनच करा, कारण तुमचा डेटा तिच्यावर आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींच्या, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागांच्या, शेवटच्या रकान्यातला आकडा बघा. सी५ किंवा सी६ शून्याच्या वर असेल तर त्याच दिवशी फोटो, कागदपत्रं, गेमचे सेव्ह दुसरीकडे कॉपी करा. अशा डिस्कवर डीफ्रॅग किंवा चेकडिस्क चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला पळवल्यासारखं होतं ते. बॅकअप झाल्याशिवाय पुढची कुठलीच चाचणी नको.

आता फटकन बंद पडणं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल आणि लोक त्यालाच कारण समजतात. त्याचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाऊन झालं नाही. खरा फरक लक्षणात आहे. निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट होत असेल तर संशय रॅम किंवा ड्रायव्हरवर. प्लग ओढल्यासारखं काळं होत असेल तर एसएमपीएसवर. प्रोसेसर तापला म्हणून असं लगेच बंद पडत नाही; तो १०० अंशांजवळ आधी वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो. बंद पडण्यापर्यंत मजल गेली तर बहुतेक त्याच्या पंख्याच्या चार प्लास्टिक खुंट्यांपैकी एखादी सुटलेली निघते.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान समोर ठेवा. ओसीसीटी या मुद्दाम ताण देणाऱ्या सॉफ्टवेअरची फक्त प्रोसेसरची चाचणी १५ मिनिटं, मग फक्त ग्राफिक्स कार्डची १५ मिनिटं, मग दोन्ही एकत्र. वेगवेगळी पार पडली आणि एकत्र लावताच मशीन बसलं, तर एसएमपीएस दोषी. त्याच्या अंगावरची चिठ्ठीही वाचा. ४५० हा आकडा विसरा आणि १२ व्होल्टसमोर किती ॲम्पियर लिहिलेत ते बघा. १६ असतील तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. तुमचा प्रोसेसर ८४ वॅटचा, कार्ड १२० वॅटचं. इथेच २०४ झाले. नवा होता तोवर ओढत होता, आता कपॅसिटर सुकलेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतात, कारण दर १० अंश वाढीमागे त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मल्टिमीटर असेल तर लोड असताना मोलेक्सची (एसएमपीएसच्या चार पिनांच्या कनेक्टरची) पिवळी वायर तपासा, ११.४ व्होल्टच्या खाली जायला नको.

एकट्या प्रोसेसरच्या चाचणीतच तापमान १०० ला भिडलं तर धूळ आणि प्रोसेसर-पंख्यामधली सुकलेली थर्मल पेस्ट. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि वाटाण्याएवढी नवी लावा. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासा, मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवा. एकही एरर आली तर एकेक स्टिक वेगळी तपासा. तारीख मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल बदला.

आणि एक खास नागपुरी चूक. पीसी गरम होतो म्हणून लोक तो खोलीच्या कूलरच्या थेट झोतात ठेवतात. ताट्यांमधून उडणारे बारीक थेंब आणि त्यातले खाऱ्या पाण्याचे क्षार बोर्डावर बसतात, धुळीचा चिखल होतो. दमट हवेने फारसं बिघडत नाही, थेंबांनी बिघडतं. कूलर खिडकीत असेल तर पीसी झोताच्या बाजूला, जमिनीपासून वर ठेवा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तुमच्या घरातल्या स्विचबोर्डाला अर्थिंग नाही. हे इलेक्ट्रिशियनचं काम आहे, आणि नवा पीसी घरात येण्याआधी करून घ्या.

मग पहिली खरेदी कुठली? चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा एसएमपीएस, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. तो जुन्यात लावा. बंद पडणं थांबलं तर निदान पक्कं, नाही थांबलं तरी पैसे वाया नाहीत, कारण हाच नव्या पीसीत जाणार आहे. '८० प्लस'चा शिक्का फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो. आतल्या मालाबद्दल तो काही बोलत नाही. दुसरी खरेदी हवी असेल तर ५०० जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच केबलला लागणारी वेगवान ड्राइव्ह), जी पुढे दुसरी ड्राइव्ह होईल. या बोर्डावर एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणाऱ्या, आणखी वेगवान) एसएसडीवरून विंडोज सरळ सुरू होत नाही, म्हणून साटाच.

जुन्या बोर्डात नवं ग्राफिक्स कार्ड टाकायचा मोह मात्र आवरा. एच८१ चा कार्डाचा स्लॉट पीसीआयई २.० चा, म्हणजे जुन्या संथ पिढीचा आहे. आरटीएक्स ५०६० सारखं कार्ड डेटाच्या आठच लेन वापरतं, म्हणजे तिथे त्याला सेकंदाला ४ जीबीचीच वाट मिळणार. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि जीटीएक्स ९६० च्या पिढीला नवे गेम ड्रायव्हर मिळणंही त्याच महिन्यात थांबलं. या खोडाला आता पालवी फुटणार नाही.

नव्या पीसीसाठी माझी निवड: रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ ६००० स्टिक, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी आणि बजेटचे साधारण ४० टक्के ग्राफिक्स कार्डावर. कार्डात १६ जीबी मेमरीचं आरएक्स ९०६० एक्सटी बघा. फुल एचडीवर आज ८ जीबी चालून जाते, पण तुम्ही पीसी दहा वर्षं वापरणारे दिसता. भाव दर आठवड्याला हलतात म्हणून एकेका भागाचे रुपये लिहीत नाही. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून भडकलेत, त्यामुळे कोटेशनमधली पहिली नजर रॅमच्या ओळीवर टाका. ती परवडली नाही तर रायझन ५ ५६००, बी५५० आणि ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ घ्या. पुढे प्रोसेसर बदलायची सोय जवळपास जाईल, गेम मात्र उत्तम चालतील. दुसरा मार्ग म्हणजे ग्राफिक्स कार्ड सोडून ७६०० चा बाकी पीसी पूर्ण घ्या, जीटीएक्स ९६० त्यात लावा आणि कार्ड चार महिन्यांनी घ्या.

प्रोसेसरच्या पंख्यावर कंजुषी नको. बाहेरच्या चाचण्या २१ ते २५ अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात आपली खोली ४० ला असते, म्हणजे त्यांच्या आकड्यात निदान १५ अंश सरळ मिळवा. त्यांचा ७५ तो आपला ९०, आणि ७६०० ची हद्द ९५. म्हणून सोबत येणारा चपटा पंखा डब्यातच राहू द्या आणि १२० मिमी पंख्याचा टॉवर (उभा, मोठा कूलर) घ्या. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) कमी वीज ओढणारा इको मोड लावला तर गेममध्ये फरक जाणवतही नाही. कॅबिनेट समोरून जाळीचं हवं, दोन पंखे हवा आत घेणारे, एक मागे बाहेर टाकणारा. समोर काच असलेली कॅबिनेटं दिसतात झकास, पण आपल्या हवेत ती भट्टीच.

लाइटचं बघू. गेममध्ये हा पीसी मॉनिटरसकट ३०० वॅटच्या वर ओढेल. ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅटचा असतो. ११०० व्हीएचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवरच चालवायचा असेल तर तो साइन वेव्ह आहे का बघा आणि बटण यूपीएस मोडवर ठेवा. लाइट गेल्यावर एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो, तेवढ्यात इन्व्हर्टरची वीज यायला हवी.

धंतोलीत यशवंत स्टेडियमच्या आसपास किंवा सीताबर्डीत तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, ऑनलाइन भाव शेजारी ठेवा. जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवाच. 'कच्च्या बिलात १८ टक्के वाचतील' म्हणणारा तुमची वॉरंटी विकत असतो. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर आधीच सांगा: नव्या कार्डांवर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच असतात, त्यामुळे ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल.

जोडताना रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. टॉवरच्या तळाचं प्लास्टिक सोला. एसएमपीएस मॉड्यूलर असेल तर त्याच्याच वायरी वापरा. दुसऱ्याच्या वायरीचं टोक बसतं, पण पिना वेगळ्या असतात आणि ड्राइव्ह जळते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, बोर्डाला नाही. पहिल्यांदा बटण दाबल्यावर डीडीआर५ स्वतःची जुळणी करत काही मिनिटं स्क्रीन काळीच ठेवते. तेवढा वेळ हात बांधून बसा, घाबरून स्विच बंद करू नका. चित्र आलं की बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० चे पैसे मोजून रॅम ४८०० वरच चालत राहील.