अर्धाच घेतो

प्रिय सानू,

मंगळवारी हीटर बघायला आलेले काका जिना उतरले आणि दार लागता लागता तू म्हणालीस, "बाबा, ते दोनदा चहा नको म्हणाले. तरी तिसऱ्यांदा का विचारलंस? नको म्हणजे नको, हे तूच मला शिकवलंयस ना?" मी "अगं, आपल्यात विचारतात तसं" एवढंच पुटपुटलो आणि कप विसळायला घेतला. ते काही उत्तर नव्हतं, आणि ते तुलाही कळलं. म्हणून लिहायला बसलोय. तू मराठी सावकाश वाचतेस, पण वाचतेस, म्हणून मराठीतच.

साताऱ्याचं घर तू पाहिलंस ते आत्ताचं. माझ्या लहानपणी तिथे दोन खोल्या होत्या आणि स्वयंपाकघरात पितळी स्टोव्ह. साखर रेशनची, रॉकेल रेशनचं, आणि दूध सकाळी एकदा येईल तेवढंच, सात माणसांना एक लिटर. संध्याकाळी कुणी आलं की माई आतून म्हणायची, "चहा टाकते हं!" बाहेरून आवाज यायचा, "नको नको वहिनी, आत्ताच घेऊन निघालो." तोवर माईने स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केलेली असायची. तो आवाज ऐकून पाहुणे पुन्हा म्हणायचे, "खरंच नको." मग अण्णा, "असं कसं, अर्धा तरी घ्या." आणि पाहुणे, "बरं, अर्धाच."

मला यात खोटेपणा कधी वाटला नाही. आमच्या डब्यात साखर किती असेल याचा अंदाज पाहुण्यांना असायचा, कारण त्यांच्याही डब्यात तेवढीच असायची. ते नको म्हणायचे ते आमच्या साखरेची काळजी म्हणून. आणि माईच्या आग्रहाचा अर्थ, तुमच्यापुरतं आहे हो आमच्याकडे. एवढं झालं की मग माणसं मोकळी होऊन बोलायला लागायची.

मी आत पातेल्याजवळ उभा असायचो. पाण्यात ठेचलेलं आलं, मागच्या दारच्या गवती चहाची गाठ मारलेली दोन पाती, मग साखर. पाणी खळखळलं की पावडर, आणि सगळ्यात शेवटी दूध. ते ओतलं जात असताना रात्री आपल्या वाटीत किती कमी येणार हे मला दिसत असायचं, तरी वाईट वाटायचं नाही. माई गाळणं कपाच्या काठावर दोनदा आपटायची, चोथ्यात अडकलेला थेंबही वाया जाऊ नये म्हणून. 'अर्धा' म्हटलेला कप काठोकाठ भरलेला असायचा. तो बशीत न सांडता बाहेर नेणं हे माझं काम, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

शाळेत तू चहा ही आपली हजारो वर्षांची परंपरा असं सांगितलंस. तसं नाही गं. अण्णांच्या आईच्या लहानपणी घरात चहा शिरलाच नव्हता. आसामात इंग्रजांनी मळे केले ते परदेशी पाठवायला. १९०३ मध्ये निर्यातीच्या चहावर एक पट्टी बसवली आणि तो पैसा चहाच्या प्रचारासाठी वापरला. पुढे १९३०च्या दशकात बाजारात, स्टेशनांवर लोकांना चहा करून दाखवायचे, फुकट पाजायचे. म्हणजे आपला चहा शंभर वर्षांचाही असेल-नसेल. आग्रह मात्र त्याच्या आधीचा. तो ताकावरून, गूळपाण्यावरून चहावर आला.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नव्हती. धुणंभांडी करायला मावशी यायच्या. आम्ही त्यांना मावशीच म्हणायचो, आणि माई त्यांना रोज चहा द्यायची, चांगला, आलं घातलेला. पण त्यांचा कप वेगळा होता. कान तुटलेला, निळ्या फुलांचा, मागच्या दाराच्या कोनाड्यात पालथा घातलेला. चहा पिऊन त्या स्वतः तो विसळून पुन्हा पालथा ठेवायच्या. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, माईला विचारलं, "मावशींचा कप आत का नाही?" माई म्हणाली, "तसंच असतं." परवा मी तुला जे बोललो ते जवळजवळ हेच, आणि तेच मला लागलं.

आणखी एक. माईला कुणी "अर्धा घ्या" म्हटल्याचं मला आठवत नाही. ती पातेल्यात राहील तो प्यायची. मीही तिला कधी विचारलं नाही.

म्हणून मी आग्रहाची बाजू घ्यायला बसलो खरा, पण पूर्ण घेता येत नाही. तुझ्यासारख्या मुलीचं 'नको' पहिल्यांदाच ऐकलं जावं असं मला मनापासून वाटतं. आणि दाराशी आलेला माणूस कोरडाच परत गेला की घशाशी काहीतरी अडकतं, तेही खरं.

गेल्या उन्हाळ्यात आपण इथल्या, जर्मनीतल्या ओस्टफ्रीजलंड भागात, नॉर्डन गावच्या चहाच्या संग्रहालयात गेलो होतो, आठवतं? कपात आधी खडीसाखर, वर गरम चहा ओतला की ती तडतडते, मग कडेने साय सोडायची आणि ढवळायचं नाही. तू कान कपाला लावून ऐकत होतीस. त्यांच्या मिश्रणातही बराचसा चहा आसामचाच, आपल्या डब्यातल्यासारखा. ओस्टफ्रीजलंडमध्ये पाहुण्याला तीन कप हा हक्कच. आणि पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. चमचा दिसला की यजमान ओतत नाही, विचारतही नाही. मला ते फार आवडलं. आपल्याकडे 'अर्धाच' हाच तो चमचा असावा, पण आपण तो बघून न बघितल्यासारखं करत आलो.

शुक्रवारी ते काका नवा भाग बसवायला परत येणार आहेत. मी एकदाच विचारीन. जमलं तर तू विचार, तुझं जर्मन माझ्यापेक्षा मऊ आहे. ते नको म्हणाले तर आपण दोघं पिऊ. पातेल्यात पाणी मात्र मी तीन कपांचं ठेवणार आहे.

तुझा,
बाबा