वाचकांचे प्रश्न : कासवाचे नाणे

प्रश्न : ग्रीसमधील एजिना बेटाच्या चांदीच्या प्राचीन नाण्यावर एका बाजूस कासव असते, तर मागे नुसता खोलगट चौकोन. हे नाणे अर्धवट घडवलेले आहे का?

उत्तर : नाही. इ.स.पू. सहाव्या शतकात हे नाणे घडवताना सुमारे १२ ग्रॅम चांदीचा गोळा ऐरणीत बसवलेल्या, कासव कोरलेल्या ठशावर ठेवून वरून धातूच्या दांड्याने ठोकत असत, आणि तो चौकोन म्हणजे त्या दांड्याच्या टोकाचीच खूण होय. कालनिर्णयासाठी कासवाची पाठच अधिक बोलकी : आरंभीच्या समुद्री कासवाच्या गुळगुळीत पाठीवर ठिपक्यांची ओळ असते, तर इ.स.पू. पाचव्या शतकात आलेल्या जमिनीवरील कासवाच्या कवचावर ठळक खवले दिसतात.